अनंताने शिवलेले पायपट्टे

अनंता गेल्याची बातमी मला पालथा पडलेला असताना कळली, आणि ती नीट कळायच्या आत मी एक विनोद करून बसलो होतो. महाडच्या आमच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, त्याची शिडाची फळी दोन जुन्या गाद्यांवर मांडलेली होती. सकाळी दुकान उघडण्याआधी तिच्यावर उभं राहायचं, दोन्ही पाय पट्ट्यांत घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे, हा त्यानं मला पावसाळ्यापुरता नेमून दिलेला अभ्यास. दोन्ही पाय आत असतानाच कठड्यावरचा फोन वाजला. आपले पाय कुठे आहेत हे विसरून मी फोनकडे झेपावलो. छाती फरशीवर, चष्मा कुंडीत, फोन मात्र हातात. पलीकडे अनंताची बायको, वैशाली. "दाजी, हे उठत नाय हो," ती म्हणाली. मी कण्हत म्हणालो, "अगं, इथं मी तरी कुठे उठतोय!" तेवढ्यात तिच्या मागे वाडीतल्या कुठल्या तरी बाईनं फोडलेला हंबरडा ऐकू आला. वैशालीनं त्या वाक्याबद्दल आजवर अवाक्षर काढलेलं नाही. ते तिच्या कानापर्यंत पोचलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत असतो.

अनंता माझ्या बायकोचा, सुमनचा, धाकटा भाऊ. पोलादपूरकडच्या कापडे गावाच्या वर डोंगरमाथ्यावर त्यांची वाडी. भात, नाचणी, चार गुरं, आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन उताराला लागायचं, असं ते घर. तिथला हा माणूस आधी मुंबईला हॉटेलात गेला, तिथून गोव्याच्या किनाऱ्यावर एका पाण्याच्या खेळांच्या केंद्रात, आणि पाण्यावर उभं राहायला शिकून आला. तिथं आपल्याला सगळे कमांडर म्हणायचे असं तो सांगायचा. त्याला कमांडर म्हणताना मी कुणालाच ऐकलं नाही, पण त्याच्या चालण्यात ती पदवी होती खरी. ते केंद्र बंद पडलं त्याच सुमारास त्याच्या छातीत कळ आली, नळीत जाळी बसवावी लागली, आणि दगदग करायची नाही असं बजावून डॉक्टरांनी त्याला घरी धाडलं. घरी येताना त्यानं टेम्पोच्या टपावर ती फळी बांधून आणली. वाडीतल्या म्हाताऱ्यांना आधी ते तिरडीचं सामान वाटलं. हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं होतं, आणि तेव्हा मीही हसलो होतो.

फळी म्हणजे काय, ते सांगतो. माणसाहून लांब, मध्ये डोलकाठी, तिला शीड, शिडाला आडवा दांडा. तो दांडा धरून उभं राहायचं, आणि वारा फळीला आणि आपल्याला ओढून नेतो. फळीच्या मागच्या बाजूला पाय अडकवायला पट्टे असतात. हळू फिरणाऱ्याला त्यांची गरज नाही. पण वारा भरला आणि फळी पाण्यावरून उडायला लागली, की पट्ट्यांत पाय नसलेला माणूस तिच्यावर टिकत नाही. "पट्ट्यात पाय गेला ना दाजी, की काळीज तोंडात येतं!" हे वाक्य तो आमच्या स्वयंपाकघरात, बहिणीच्या समोर बोलला, आणि फसला. सुमन एरवी आमच्यासारखं महाडचं बोलते. चिडली किंवा घाबरली की तिच्या तोंडून वाडी बाहेर येते. हातातलं लाटणं तसंच धरून ती म्हणाली, "तुझं काळीज हाय तितंच ऱ्हाऊ दे. त्या पट्ट्यात पाय घालायचा नाय. माझ्या गळ्याची शप्पत घे."

"नाय घालत गो ताये. तुझ्या गळ्याची. झालं?" असं म्हणून त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला. तो सुमनलाही दिसला. म्हणून मग मला राखण्याच्या कामावर लावण्यात आलं. दर रविवारी तो पोलादपूरच्या बाजूला, डोंगरात दडलेल्या एका छोट्या धरणावर फळी घेऊन जायचा. मी बरोबर जायचं, काठावर बसायचं, त्याला काही झालं तर काय ते करायचं, आणि तो पट्ट्यात पाय घालतो का ते बघून यायचं. मी भांड्यांचा दुकानदार. मला धड पोहता येत नाही, आणि पुराच्या गावात जन्मल्यामुळे पाणी दिसलं की माल माळ्यावर चढवायची इच्छा होते. काठावर बसून मी त्याला काय वाचवणार होतो, देव जाणे.

दुपार कलली की खाडीकडचा वारा सावित्रीच्या काठाकाठानं वर चढत त्या धरणावर पोचायचा. डोंगरातला वारा एकसारखा नाही. मध्येच पडतो, मध्येच धक्का देतो. अनंता शीड उचलून निघाला की बघता बघता लांब जायचा. पार पलीकडच्या काठाला तो कबुतराएवढा दिसायचा. त्याचा हात दांड्यावरून सुटून छातीकडे जातोय का, एवढंच मी बघत राहायचो. शीड जरा झुकलं की उभा राहायचो, सरळ झालं की बसायचो. गुराखी मला बघून हसायचे. संध्याकाळी घरी आलो की सुमनचा पहिला प्रश्न, "घातला का पाय?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "लांबून दिसत नाही गं, पाणी उडतं." ती भाकरी माझ्या ताटात जरा आपटूनच वाढायची.

असेच काही रविवार गेल्यावर अनंता मला म्हणाला, "दाजी, बगळ्यासारखे काठावर किती बसाल? मी तिकडं आडवा झालो तर इथून हाका मारणार का मला? शिका." त्या वाक्यानं माझी झोप उडाली, कारण ते खरं होतं. मग मी शिकलो. शिकलो म्हणजे पडलो. धरणाचं पाणी किती प्रकारे नाकात जाऊ शकतं याचा मी अभ्यास केला, आणि केव्हा तरी, कुणालाच कळलं नाही कसं, मी उभा राहून पलीकडे जायला लागलो. हळूहळू, कासवासारखा, पण जायला लागलो. तेव्हा अनंतानं पट्ट्यांचा विषय काढला. "असं गेलात तर मी बुडून वर आलेला असेन. टेन्शन नाय लेनेका, पण लौकर यायचं तर पट्ट्यात पाय पायजे."

फळीचे मूळचे पट्टे गोव्याच्या खाऱ्या पाण्यात कुजून गेले होते. त्यानं नवे केले ते बैलांच्या जुपण्यांचे, माप बदलायला बकलं लावून. जुपणी म्हणजे बैलाच्या मानेखालून घेऊन जोखडाला अडकवतात तो पट्टा. मी हे कौतुकानं घरी सांगितलं आणि पस्तावलो. "बघा, केलेच ना शेवटी!" सुमन म्हणाली. मी म्हटलं, "माझ्यासाठी केलेत." तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्यासाठी? तुम्हाला स्टुलावर चढताना खालून धरावं लागतं मला." खरं सांगायचं तर माझाही त्यावर विश्वास नव्हता. मला शिकवायचं निमित्त करून पठ्ठ्यानं स्वतःची सोय केली, असंच मला वाटत होतं.

पट्ट्यांचा नियम त्यानं सांगितला तो बैलांच्या भाषेत. जुपणी आणि मान यांच्यात दोन बोटं जावीत. घट्ट झाली तर बैल घुसमटतो, सैल झाली तर मान काढून घेतो. पायाचंही तसंच. फक्त चवडा आत, बोटांची टोकं पलीकडून दिसली पाहिजेत. आधी पुढचा पाय, मग मागचा. अंगाचा भार दांड्याला लटकवायचा, पायावर नाही. आणि नजर समोर, जिथं जायचंय तिथं... पायाकडे बघायचंच नाही. मला हे सगळं पटलं, फक्त ती दोन बोटं पटली नाहीत. पाय अडकला तर? बुडताना सुटला नाही तर? सैल म्हणजे सुरक्षित, अशी माझी साधी समजूत. तो शीड बांधण्यात गुंतलेला असताना मी हळूच पट्ट्यांची बकलं सरकवून ते चांगले ऐसपैस केले.

वारा आला, फळी उचलली, पुढचा पाय पट्ट्यात गेला... आणि जातच राहिला, थेट घोट्यापर्यंत. दचकून मी खाली पाहिलं आणि तोल गेला. फळी उलटली. पाय वर फळीत, बाकीचा मी पाण्याखाली. एवढंच आठवतं की पाण्याखालीही मला माझी नाही, त्याची काळजी वाटली, कारण तो पोहत येणार हे मला ठाऊक होतं. तो आलाच. पाय सोडवला, मानगूट धरून काठाला आणलं, आणि शेजारी बसून धापा टाकायला लागला. हात छातीवर. मी उठून बसलो. "अनंता, दुखतंय का रे?" मी त्याला हलवलं. "अनंता!" मग त्याचे खांदे हलले. "हसू आवरत नाय दाजी," तो म्हणाला, "म्हणून धरलीय छाती."

घरी काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण घोटा कलिंगडाएवढा झाल्यावर काय लपवणार! सुमन हळदीचा लेप लावता लावता म्हणाली, "बरा राखणदार पाठवला. राखायला गेला तोच बुडाला." पुढच्या रविवारी अनंता दाभण आणि मेणाचा दोरा घेऊनच आला. सूज नसलेला पाय त्यानं फळीवर ठेवायला लावला, पट्टा चवड्यावर ओढला, आपली दोन बोटं मध्ये घातली, आणि तिथंच टाके घातले. चारही पट्टे तसेच. बकलं कापून धरणात भिरकावून दिली. "आता करून दाखवा सैल," म्हणाला. मग माझ्या पायाकडे बघून, "दाजी, तुमची पावलं रांगोळीत काढायला पायजेत, लक्ष्मीची म्हणून." माझे पाय बाईमाणसासारखे चिमुकले, ही आमच्या घरातली जुनी थट्टा. भावाबहिणीचे पाय एका साच्यातले, रुंद, बोटं पसरलेली, उतारावर जमीन धरणारे. लग्नाच्या पहिल्या वर्षी सुमन चुकून माझी चप्पल घालून अंगणात गेली आणि चपलेचा अंगठाच तुटला.

उन्हाळाभर मी पुढचा पाय घालायला शिकलो. फळीखालून पाण्याचा आवाज बदलतो, खळखळीची शिट्टी होते, तेव्हा पाय सरकवायचा. मागचा पाय मात्र चाचपडायचा, मी खाली बघायचो, आणि पडायचो. काठावरून आरोळी यायची, "पायाकडं काय बघताय? पळून जातोय का तो?" पावसाळ्याच्या तोंडावर फळी आमच्या गच्चीवर आणून ठेवली ती आमची शेवटची भेट. "पाऊस गच्चीत काढा. दिवाळीनंतर दोन्ही पाय आत," तो म्हणाला. मी विचारलं, "आणि मग तू काय करणार?" "मी? मी काठावर बसून चाय पिणार."

तो गेला तो गोठ्यात. सकाळी बैल सोडायला गेला आणि उंबऱ्यावर बसला तो बसलाच. मी सगळा जीव पाण्याकडे लावून बसलो होतो, आणि पाण्यानं त्याला काहीच केलं नव्हतं. दहाव्याला, तेराव्याला, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सुमन एकच सांगत होती, "माझ्या गळ्याची शप्पत घेतली आणि मोडली. एक ऐकलं नाय माझं." कुणी समजूत घातली तर माझ्याकडे वळायची. "हे होते ना तिथं. विचारा ह्यांना, घालत होता का नाय पाय." आणि मी मान खाली घालायचो. मी काय सांगणार? मी त्याची छाती बघत होतो. त्याच्या पायांकडे मी कधी पाहिलंच नाही.

गेल्या आठवड्यात पावसानं जरा उघडीप दिली. सुमन कपडे वाळत घालायला गच्चीवर आली. मी म्हटलं, ही फळी कुणाला तरी देऊन टाकू, बघवत नाही. ती हातातला ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून फळीपाशी गेली. "ह्यात असं होतं तरी काय, बघू," म्हणाली, चप्पल काढली आणि पट्ट्यात पाय घालायला लागली. बोटं टेकली आणि तिथंच अडली. तिनं जोर लावून पाहिला. मग दुसऱ्या पट्ट्यात, मग तिसऱ्या. "केवढुसे हे! कुणाच्या मापानं शिवले?"

"माझ्या," मी म्हणालो.

झाकण बघून पातेल्याचं माप सांगणारा माणूस मी, आणि तिचा पाय मावत नाही तिथं त्याचाही मावला नसता, हे मला दिसलं नव्हतं. तेवढ्यात लांबवर कुठं तरी पंप सुरू झाला... सुमन खाली आपल्या पायाकडे बघत होती. नुसती बघत होती. मग ती फळीच्या कडेला टेकली आणि त्या पट्ट्यावरचे टाके अंगठ्यानं एकेक करून चाचपत राहिली. "म्हणजे ऐकत होता," ती म्हणाली. "ऐकत होता तो माझं... आणि सांगितलं पण नाय." टॉवेलात तोंड घालून ती बराच वेळ बसली. मी कुंडीतलं गवत उपटत राहिलो.

मग ती उठली. डोळे पुसले, कठड्यावरचा माझा फोन उचलून आपल्या हातात घेतला, आणि म्हणाली, "चला, घाला बघू दोन्ही पाय. फोन वाजला तर मी घेते."