सोळा नंबरचं झाड

एम.ए.ला आम्हाला शांतता आणि संघर्ष या विषयाचा एक पेपर आहे. त्यात गडचिरोलीचं नाव निघालं की वर्ग माझ्याकडे वळून बघतो. मी बंदुकीचं काहीतरी सांगेन असं त्यांना वाटतं. म्हणून सरांनी दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावातल्या एखाद्या वादाचा नकाशा काढून आणायला सांगितला, तेव्हा मी मुद्दाम मोहाची झाडं घेतली. त्यात कोणाचं काही बिघडणार नाही असं मला वाटलं.

आमच्या जंगलात मोहाची झाडं घरागणिक ठरलेली आहेत. कुठे लिहिलेलं नाही, पण कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली ठेवत नाही. तलावाच्या वाटेवरचं मोठं झाड आजोबांच्या वेळेपासून आमचं. पण मला कळायला लागल्यापासून त्याची फुलं शेजारची काकी वेचायची. तिचा नवरा वारला त्या वर्षी बाबा त्या झाडाकडे गेले नाहीत, आणि पुढेही कधी गेले नाहीत. काकीनं मागितलं नव्हतं, बाबांनीही दिलं असं म्हटलं नव्हतं. लहानपणी मीच पहाटे तिच्याबरोबर जायची. पाला जाळून साफ केलेल्या जागेवर फुलं टपटप पडत असायची, आणि पहिली मूठ ती माझ्या ओच्यात टाकायची.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. तरी मी विचारलं.

सरांनी बजावलं होतं, मनानं काही भरू नका, लोकांना विचारा. एका संध्याकाळी आमच्या अंगणात दहाबारा जणं बसली होती. मी कागदावर झाडांना नंबर दिले आणि एकेक विचारत गेले, हे कोणाचं, ते कोणाचं. एक भाऊ म्हणाला, "आता झाडायचं आधार कार्ड काढून राह्यली का वो?" सगळे हसले. मीही हसले. मग सोळा नंबर आला.

कोणी बोललं नाही. तिथेच थांबायचं होतं, पण कागदावर रकाना रिकामा दिसत होता, म्हणून मी पुन्हा विचारलं. माझा काका दारात तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत उभा होता. तो म्हणाला, "आमचंच आहे. अन् कोणाचं?" त्यात खोटं काही नव्हतं. काकी आईच्या शेजारी बसली होती. तिनंही मान हलवली. "हो, तुमचंच आहे," म्हणाली. मी लिहून घेतलं: झाड आमचं, वेचते काकी.

सरांनी माझा नकाशा वर्गाला पडद्यावर दाखवला. न बोललेला वाद हिनं बरोबर पकडला, असं म्हणाले. त्या रात्री हॉस्टेलवर मी मैत्रिणींना चहा पाजला.

मार्चमध्ये दोन दिवस घरी गेले. पहाटे उठून तलावाच्या वाटेनं निघाले, तर झाडाखालची जागा कोणी साफ केलेली नव्हती. फुलं वाळक्या पाल्यात पडली होती आणि दोन गाई ती खात होत्या. घरी आल्यावर आईनं सांगितलं की काकी आता तिकडे जात नाही. नाल्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याला कोणाचीच नसलेली झाडं आहेत, तिथे एकटीच जाते. मोह पडतो त्या दिवसांत तिथे अस्वलं उतरतात, म्हणून गावातलं कोणी तिकडे एकटं जात नाही. काका म्हणत होता, मी का तिले येऊ नको म्हणलो? बाबाही झाडाकडे जात नव्हते.

मी काकीकडे गेले. ती अंगणात फुलं वाळत घालत होती. मी म्हटलं, काकी, तू तिथेच वेच, कोणी काही म्हणत नाही.

"म्हणत नाई, माहीत आहे मले," ती म्हणाली. "पण आता गेली तं मागून नेल्यावानी होते, माय. पयले तसं नव्हतं."

मी म्हटलं, सगळ्यांना बोलावते, सगळ्यांसमोर सांगते की ते झाड तुझं आहे, तसं लिहूनही देते. ती हसली.

"अजून लिहतेस का?"

परत आल्यावर मी सरांना सांगितलं की नकाशा चुकला. वाद नव्हताच सर, मी विचारलं म्हणून झाला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, हे फार महत्त्वाचं आहे, संशोधकामुळे काय बदलतं यावर एक परिच्छेद जोड. मी जोडला. माझे मार्क वाढले. घरी ते मी सांगितलेलं नाही.

मोह अजून पडतो आहे. रोज सकाळी मी आईला फोन लावते आणि एकच विचारते, काकी घरी आली का. आई फोन कानाला धरूनच कुंपणापाशी जाते, पलीकडे बघते आणि सांगते. आज म्हणाली, "नाई आली वो अजून. ऊन तं चढलं." मग रेंज गेली.

मी तासाला गेले नाही. हॉस्टेलच्या गच्चीवर रेंज बरी येते, तिथे फोन हातात घेऊन बसले. साडेदहाला आईचा फोन आला. काकी आली होती. टोपली अर्धीच भरली होती म्हणे. पायथ्याला अस्वल होतं, म्हणून ती बराच वेळ झाडावर बसून राहिली होती.

आई म्हणाली, उद्याही जाणार आहे.