ज्येष्ठमधाची काडी

आयुष्यभर पडद्यावर दिसायची धडपड केली आणि इतका मोठा क्लोजअप मिळाला तो घशाच्या डॉक्टरांच्या खोलीत. नाकातून घातलेल्या बारीक कॅमेऱ्यातून माझे स्वरतंतू समोरच्या स्क्रीनवर उघडमीट करत होते आणि त्यातल्या एकावर पांढरा डाग होता. डॉक्टर म्हणाले की तो काढून तपासायला लागेल. आवाजाचं काय होईल, असं मी विचारलं, तर ते आत्ता सांगता येणार नाही म्हणाले. पुढचं त्यांनी काय सांगितलं ते फोनवरून ऐकणाऱ्या माझ्या मुलीनेच लिहून घेतलं.

आवाज हीच माझी पंचवीस वर्षांची नोकरी. नवऱ्यामागोमाग अमेरिकेत रेडमंडला आले तेव्हा माझ्या व्हिसावर पगार घ्यायची परवानगी नव्हती. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, म्हणून एका लहानशा रेडिओ केंद्रावर अंध श्रोत्यांसाठी फुकट वाचायला जाऊ लागले. माझ्या वाट्याला किराणा दुकानांच्या जाहिराती आल्या. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली मी, ब्रोकोलीचा भावसुद्धा भाषण ठोकावं तसा वाचायचे. एक म्हातारे श्रोते दर आठवड्याला केंद्रावर फोन करायचे. मला सर्दी होणार हे त्यांना माझ्या आधी कळायचं. एकदा म्हणाले, "आज तुम्ही रडून आला आहात." खरंच होतं ते. घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

ग्रीन कार्ड आल्यावर पैशाची कामं सुरू झाली. रेडिओ नाटकं केली, बँकेच्या जाहिराती केल्या, 'कृपया फोन चालू ठेवा' असं हजारो वैतागलेल्या लोकांना सांगितलं. मग टीव्ही. तिथे मी बहुतेक 'डॉक्टर नंबर दोन' असायचे. एक दिग्दर्शक म्हणायचा अॅक्सेंट जरा कमी करा, दुसरा म्हणायचा थोडा आणखी इंडियन होऊ द्या. मी दोघांनाही तोच आवाज द्यायचे आणि दोघेही खूश व्हायचे. घरी रेकॉर्डिंग करायचं ते साड्यांच्या कपाटात बसून, कारण रेशीम आवाजाचा घुमारा शोषून घेतं. वर्षातून दोनदाही नेसल्या जात नसलेल्या साड्या निदान तेवढ्या कामाला आल्या.

यंदा पहिल्यांदाच एका सिनेमात आईचं मोठं काम मिळालं होतं. त्या बाईला चक्क नाव होतं आणि कोर्टात चार मिनिटं एकटीने बोलायचं होतं. नेमका तेव्हाच घसा बसू लागला.

घसा बसला की काय करायचं हे मला डॉक्टरांनी शिकवायची गरज नव्हती. वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी आई ज्येष्ठमधाची काडी हातात द्यायची. ती सवय माझ्याबरोबर अमेरिकेत आली. पर्समध्ये कायम डबी. रेकॉर्डिंग असो, ऑडिशन असो, गालात काडी. रोजच्या दोन काड्यांच्या आता पाच-सहा झाल्या. पाय सुजायचे, छातीत धडधडायचं. मला वाटायचं ही भीतीच आहे, आणि भीती होतीच. डागाचं नाव कॅन्सर निघालं तर, हा विचार भाजी चिरताना यायचा, गाडी चालवताना यायचा. त्याहून लाज वाटायची ती याची, की जिवापेक्षा मला आवाजाचीच काळजी जास्त वाटत होती.

ऑपरेशनच्या सकाळी मुलगीच ड्राइव्ह करत होती. त्यासाठी ती सुट्टी काढून घरी आली होती. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. घसा कोरडा पडला म्हणून मी डबी उघडली.

"आई, यू आर फास्टिंग," ती म्हणाली.

"अगं काडी म्हणजे काय खाणं आहे का? ही उपवासालासुद्धा चालते," मी म्हणाले. जी काडी एकादशीला चालते, ती ऑपरेशनला का चालू नये?

हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी माझं ब्लडप्रेशर तीनदा मोजलं. रक्त तपासायला पाठवलं. मग स्टूल ओढून समोर बसल्या आणि विचारलं, "कुठली औषधं घेता?" मी ताठ मानेने सांगितलं, एकही नाही, डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही. सप्लिमेंट? छे. काही हर्बल? अजिबात नाही. यातलं एक अक्षरही मला खोटं वाटत नव्हतं. तोंडात गोड चव तशीच होती.

"आई, व्हॉट अबाउट द स्टिक्स?" मुलगी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी डबी हातात घेतली, वास घेतला. रोज किती, किती वर्षं, असं विचारत गेल्या. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी शांतपणे समजावलं की या मुळीने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, आणि माझं इतकं उतरलं होतं की भूल दिली असती तर हृदय बंद पडू शकलं असतं. ऑपरेशन कॅन्सल केलं. तीन आठवड्यांनी या म्हणाल्या. डबी त्यांनी मुलीच्या हातात दिली, माझ्या नाही.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. डाग तिथेच होता आणि मी माझ्याच हातांनी त्याला मुदत वाढवून दिली होती. रोज सकाळी कपाटात जाऊन कोर्टातलं भाषण फोनवर रेकॉर्ड करायचे आणि कालच्यापेक्षा आवाज आणखी बसला का ते ऐकायचे. काडी नव्हती तर नुसताच गाल चावत बसायचे. मी फार घाबरले होते.

ऑपरेशन झालं. रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता. नवरा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभ्याउभ्या रडला. डॉक्टर मात्र म्हणाले की डाग वाटला होता त्यापेक्षा खोल होता, म्हणून जरा जास्त कापावं लागलं. दहा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. दहा दिवस मी पाटीवर लिहून घर चालवलं.

अकराव्या दिवशी बोलायची परवानगी होती. पहिलं वाक्य कोणतं बोलावं याचा मी फार विचार केला होता. कोर्टातल्या भाषणाची पहिली ओळ म्हणावी असं ठरवलंही होतं. प्रत्यक्षात दुपारचा चहा उकळला, माझ्यासाठी थांबून घरूनच ऑफिसचं काम करणारी मुलगी वर लॅपटॉप घेऊन बसली होती, आणि मी जिन्याशी जाऊन रोजच्यासारखी म्हणाले, "चहा झालाय गं, खाली ये."

जाडसर, खालच्या पट्टीतला आवाज होता. फुटत नव्हता, दुखतही नव्हतं. कुणा दुसऱ्याच बाईचा असावा तसा होता.

वर खुर्ची सरकली. "आई?" मुलीने हाक मारली. "इज समवन हिअर? कोण आलंय?"

मी कठड्याला धरून उभी राहिले. उत्तर द्यायचं तर त्याच आवाजात द्यायला लागणार होतं.

"कोणी नाही गं," मी म्हणाले. "मीच आहे."