मोठ्या सिस्टरांचा उन्हाळी वर्ग

वॉर्डात त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. उंचीने बेताच्याच होत्या, पण त्या दारात दिसल्या की पेशंटच्या खाटेवर ऐसपैस बसलेले नातेवाईक आपोआप उठून उभे राहत. आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. चादरीची घडी चुकली तर त्या काही न बोलता ती स्वतः नीट करत, आणि ज्याने चुकवली त्याला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागे.

अशा सिस्टरांनी निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात नाव घातलं, तेव्हा वॉर्डाने ते डोक्यावर घेतलं.

"कशाचा वर्ग हो? शिवणकामाचा?" असं विचारणारी रेडिओ. सिस्टरांच्या हाताखालची ही नर्स सकाळी आली की सुरू होई ती ड्यूटी संपेपर्यंत बंद होत नसे, म्हणून हे नाव.

"दगडांचा," सिस्टर म्हणाल्या.

"अगं बाई! माणसं कमी पडली का?"

सिस्टर नुसत्या हसल्या. दगडांचं त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तरुणपणी त्या भूगोल घेऊन कॉलेजात होत्या. दुसऱ्या वर्षी खडक बघायला डोंगरावर सहल जायची ठरली होती. नवे बूटही आणून झाले होते, आणि वडील अंथरुणाला खिळले. कॉलेज सुटलं. नर्सिंगला शिकतानाच चार पैसे मिळत, म्हणून त्या तिकडे गेल्या. पुढे लग्न, मुलं, वॉर्ड. पण प्रवासात रस्त्याच्या कडेला कापलेला डोंगर दिसला की त्या खिडकीला कपाळ टेकत, आणि ते पट्टे मागे जाईपर्यंत नवऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देत नसत.

उन्हाळी वर्गाच्या पुस्तिकेत शेवटच्या दिवशी 'टेकडीवर प्रत्यक्ष पाहणी' लिहिलेलं होतं. सिस्टरांनी नाव घातलं ते त्या एका ओळीसाठी.

नियम मात्र कडक. वयाची अट नाही, पण हजेरीची आहे. एखादी गैरहजेरी माफ, त्यापुढे नाव कमी. वर्ग सुरू झाला की दार बंद. नाव न घातलेल्याने वर्गात बसायचं नाही. सिस्टरांनी ते सगळं दोनदा वाचलं आणि त्यांना बरंच वाटलं. नियम असलेल्या जागी त्यांचा जीव रमत असे.

सकाळची ड्यूटी संपवून त्या दुपारी वर्गाला जाऊ लागल्या. शिकवणारे सर त्यांच्या मुलाच्या वयाचे. सर एकेक दगड हातोहात फिरवत आणि सिस्टर तो पुढे द्यायला जरा उशीरच करत. घरी नवरा दार उघडताना म्हणे, "आलं का आमचं बाळ शाळेतून? डबा संपवला का?" त्या "गप्प बसा हो," म्हणत आणि चहा पिता पिता नदी दगडाला गोल कशी करते ते सांगत. इतकं बोलताना नवऱ्याने बायकोला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

वर्ग संपायला थोडे दिवस राहिले आणि एका दुपारी, ड्यूटी सुटायच्या वेळेलाच, मोठं ऑपरेशन झालेला पेशंट वॉर्डात आला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आज तुम्हीच थांबा."

थांबणं भागच होतं. त्यांनी पर्स उचलायला निघालेल्या रेडिओला हाक मारली.

"अगं, आज माझ्या जागी जाशील का?"

"कुठं? दगडांत?"

"जा गं. जागा रिकामी नको राहायला."

दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण येऊ शकत नसलो तर आपल्या जागी बदली द्यायची, तिला सगळं समजावायचं, आणि परत आल्यावर तिच्याकडून सगळं समजून घ्यायचं. दोघींचं आयुष्य याच शिस्तीवर चाललेलं. रेडिओ गेली, सिस्टरांच्या बाकावर बसली, आणि कार्यालयातल्या बाईंनी हजेरीत सिस्टरांचा नंबर पुकारला तेव्हा खणखणीत आवाजात "हजर!" म्हणाली.

बाईंनी मान वर केली. "तुम्ही कोण?"

"मी सिस्टरांची बदली."

वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओने वॉर्डात रिपोर्ट दिला. "एक काळा आहे, तो मूळचा गरम. आता थंड पडलाय, तब्येत दणकट. शेजारचा चुनखडक नाजूक, त्याला पाणी लागू द्यायचं नाही, झिजतो. वाळूचा खडक थरांवर थर घेऊन पडून आहे, हालचाल नाही. बाकी रात्री काही त्रास नाही."

सिस्टर पोट धरून हसल्या. त्याच दुपारी त्यांना विद्यापीठाच्या कार्यालयात बोलावणं आलं.

"तुमचं नाव कमी झालंय," बाई म्हणाल्या. बोलणं कोरडं होतं, पण त्यांनी सिस्टरांना आधी खुर्ची दिली होती. "दुसऱ्याच्या नावाने हजेरी दिली की प्रवेश रद्द. वरून सही झाली."

"ती फसवायला नव्हती हो आली. तिने तर सांगितलंच."

"मला कळतं. पण ताई, तुम्ही नुसत्या गैरहजर राहिला असतात तर काहीही झालं नसतं. एक दिवस चालतो."

"पण जागा रिकामी राहिली असती."

"राहू द्यायची!"

हे सिस्टरांना सुचलंच नव्हतं.

सरही आले. त्यांनी रदबदली करून पाहिली. निदान टेकडीवर तरी येऊ द्या म्हणाले. बाई म्हणाल्या, बसमध्ये फक्त यादीतले; वाटेत काही झालं तर जबाबदार कोण? सिस्टरच म्हणाल्या, "राहू द्या सर. त्यांचं बरोबर आहे." मग दारातून वळून विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यात असेल ना हा वर्ग?"

सर जरा अडखळले. "माझी नेमणूक एवढ्या उन्हाळ्यापुरतीच आहे, काकू. पुढचं मला माहीत नाही."

टेकडीच्या दिवसाची रजा सिस्टरांनी कधीच टाकून ठेवली होती. ती रद्द करायची राहिली, की त्यांनी केली नाही, कोण जाणे. सकाळपासून त्या कपाटं आवरत होत्या. नवऱ्याला ते बघवेना.

"अगं, टेकडी काय विद्यापीठाने विकत घेतलीय?"

"वर्ग त्यांचा आहे."

"वर्गात कोण जातंय? आपण फिरायला जातोय. चल, साडी बदल."

दोघं बसने गेली. रस्ता काढायला टेकडी जिथे उभी कापली होती, तिथे वर्ग जमलेला होता. सिस्टर रस्त्याच्या पलीकडे एका पुलाच्या कठड्यावर बसल्या. सर हात उंच करून काहीतरी दाखवत होते. वारा उलटा होता. मधून मालमोटारी जात. एखादा शब्द येई, त्याचा पुढचा येत नसे.

"जाऊन मागे उभी राहा की," नवरा म्हणाला. "कोण हाकलतंय?"

"नको."

"अगं, तो बघतोय इकडे. हात करतोय बघ."

सरांनी खरंच हात केला होता. सिस्टरांनीही केला, पण उठल्या नाहीत. सरांनी मग खडकावर एका जागी तळवा ठेवला आणि बराच वेळ बोलले. त्यानंतर एकेकाने पुढे होऊन तिथेच हात लावला. कुणीतरी "अरे वा!" म्हणालं, तेवढं स्वच्छ ऐकू आलं.

वर्गाची बस गेल्यावर सिस्टर रस्ता ओलांडून गेल्या. खाली उभ्या राहिल्यावर टेकडी पलीकडून दिसली होती त्याहून कितीतरी उंच होती. पिवळट थर, त्यावर तांबूस, मध्ये बोटभर जाडीची काळी रेघ, वर पुन्हा पिवळट. त्यांनी काळ्या रेघेवर हात ठेवला. मग जरा खाली ठेवला. मग पलीकडे सरकून ठेवला.

"इथेच लावला होता का हो हात सरांनी?"

"साधारण इथेच." नवऱ्याने मान वर करून पाहिलं. "काय आहे गं त्यात?"

"तेच तर ते सांगत होते."

बस यायची वेळ झाली होती. नवरा थांब्याकडे चालू लागला आणि अर्ध्या वाटेवरून त्याने हाक मारली. सिस्टर "आले हो," म्हणाल्या आणि काळ्या रेघेवर बोट ठेवून ती जिकडे जाते तिकडे, थांब्याच्या उलट दिशेला, सरकत राहिल्या.