शनिवारचा दहाचा बर्फ

टार्नहिलमध्ये कुणाचं काही अडलं की आधी व्हर्ला स्टेफनिकला विचारायचं, ही गावाची जुनी खोड. चर्चच्या जेवणासाठी पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वळायला हात कमी पडले, बोलवा व्हर्लाला. कुणाच्या म्हातारीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे शहरात न्यायचंय, सांगा व्हर्लाला. बाईचा स्वभाव मुळात भिडस्त. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच हिचं 'हो' तयार असायचं. नवरा मायरन तिला म्हणायचा, "तुझ्या थडग्यावर येऊनसुद्धा लोक विचारतील, व्हर्ला, जरा सरकतेस का?" ती हसायची, आणि बाकावर खरंच जरा सरकून बसायची.

जन्मभर तिने शाळेची बस चालवली. अर्धं गाव त्या बसमध्ये वाढलं, भांडलं, ओकलं. आमच्याकडे बर्फावरची हॉकी म्हणजे मुलग्यांची. मुली खेळायच्या नाहीत असं नाही, पण मुलग्यांच्या संघात एखाददुसरी, आणि दहा-अकरा वर्षांची झाली, मुलगे अंगाने भरले, की निमूट घरी बसायची. व्हर्ला हे बसच्या आरशात दर हिवाळ्यात बघायची. कालपर्यंत स्केट्स खांद्याला अडकवून चढणारी पोरगी एक दिवस नुसतं दप्तर घेऊन चढायची आणि मागच्या सीटवर जाऊन खिडकीकडे तोंड करून बसायची. व्हर्लाला स्वतःला दोन मुलगे, मुलगी नाही. पण हे तिला बघवेना. मग मुलींची वेगळी लीग उभी करायला तिने फोन उचलला.

मुलींची लीग म्हणजे दुसरं काय, फोनच. टार्नहिल, बेकेट, ओल्सन आणि स्प्रूस लेक अशी चार गावं, प्रत्येकाचा एक संघ. एका शनिवारी सामना आपल्या गावात, पुढच्या शनिवारी त्यांच्या. ऐकायला किती सोपं. पण पंच कुठून आणायचा, ओल्सनला कुणाच्या गाडीतून किती पोरी जाणार, कुणाचे पॅड कुणाला होतात, हिमवादळ आलं तर उजाडायच्या आत चार गावांतल्या आयांना कोण उठवणार? एका आईचं म्हणणं, माझ्या मुलीला खेळायला कमी मिळतं. दुसरीचं, माझ्या मुलीला जास्त वेळ खेळवलं म्हणून ती दमते. या सगळ्यात व्हर्लाच्या नाकी नऊ यायचे. पण शनिवारी पोरी बर्फावर उतरल्या, की सकाळपासून ज्याच्या-त्याच्या शिव्या खाल्लेली ही बाई काचेला नाक लावून लहान मुलासारखी उभी राहायची.

खरी मारामारी बर्फाची. बाहेर सहा महिने जिकडे बघावं तिकडे बर्फ, पण खेळायचा बर्फ एकाच छपराखाली. त्याचे तास वाटून घ्यायचे. मुलग्यांच्या क्लबचे पाच संघ, त्यांना आठवड्यातले चांगले तास. मग गिरक्या घेणाऱ्या छोट्या मुली, मग पोट सुटलेले पेन्शनर. आमच्या पोरींच्या वाट्याला शनिवारची पहाट, जेव्हा कोंबडंसुद्धा आरवावं की नाही याचा विचार करतं. व्हर्ला दर वर्षी बर्फाच्या सभेत उभी राहायची आणि दर वर्षी खाली बसायची. शेवटी एकदाचा मिळाला. शनिवार, सकाळी दहा. गावातला सगळ्यात गोड तास. इतर गावांतल्या पोरी उजेडात येऊन उजेडात घरी जाऊ शकतात असा.

मिळाला, पण तिला धाकधूक. पुढच्या वर्षी काढून घेतला तर? म्हणून त्याच सभेत तिने स्वतः नियम मांडला: हंगाम संपताना जो तास ज्याच्याकडे, पुढच्या हंगामात तो त्याचाच. ग्लेंडा प्रुएट, बर्फ वाटणाऱ्या समितीची सेक्रेटरी आणि व्हर्लाची शाळेपासूनची मैत्रीण, तिने अनुमोदन दिलं. सगळ्यांनी हात वर केले. त्या रात्री व्हर्ला म्हणे ढाराढूर झोपली.

तीन वर्षांपूर्वी गावात रोवेना आली, फिलिपिन्सहून. वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. तिची मुलगी अल्थिया. आली तेव्हा या पोरीने बर्फ फक्त पेल्यात पाहिला होता. शनिवारी सकाळी रोवेना पाळी संपवून झोपायची, म्हणून पोरगी व्हर्लाकडे सोडायची. व्हर्लाने तिला गोलमध्ये उभं केलं, कारण तिला स्केट्सवर पळता येत नव्हतं. आणि काय सांगायचं, ती उभी राहिली. खेळातली रबरी चकती अंगावर आली की बाकीच्या पोरी डोळे मिटतात, ही मोठे करायची. दोन हिवाळे ती मोठ्या गोलकीपरच्या मागे बाकावर बसली. ती मोठी आता कॉलेजला जाणार होती.

"पुढच्या हिवाळ्यात गोल तुझा," व्हर्लाने तिला सांगितलं.

"नक्की, टीता?" टीता म्हणजे त्यांच्या भाषेत मावशी.

"नक्की."

मग उन्हाळाभर व्हर्लाच्या गॅरेजसमोर हा उद्योग. व्हर्ला टेनिसचे चेंडू फेकतेय, अल्थिया अडवतेय, मायरन कपाळाला हात लावून बघतोय. "म्हातारपणी खांदा निखळवून घेशील," तो म्हणायचा. "निखळला तर तू बसव," व्हर्ला म्हणायची.

पण घोटाळा त्याआधीच, फेब्रुवारीत, होऊन बसला होता. पलीकडच्या मॅक्रे गावात बर्फ धरून ठेवायचं यंत्र बंद पडलं आणि तिथले मुलग्यांचे सगळे सामने टार्नहिलच्या गळ्यात पडले. मुलग्यांच्या क्लबचा अध्यक्ष डेल फ्रीसन व्हर्लाच्या स्वयंपाकघरात येऊन टोपी फिरवत बसला. हाच तो डेल, जो पहिलीत असताना तिच्या बसमध्ये रोज ओकायचा. त्याची मुलगी ब्रिन व्हर्लाच्या संघात, आणि चांगली खेळणारी.

"व्हर्ला, शनिवारचा दहाचा तास देतेस का? मार्च संपेपर्यंत. आमचा बुधवार रात्रीचा घे त्याबदली."

"मुलींचे घरचे सामने कुठे खेळवू रे मी?"

"बेकेटवाल्यांना विचार ना. तुझा शब्द कोण मोडतं?"

"बरं, घे. कॉफी घेणार का?"

झालं. एवढंच बोलणं. आमच्याकडे असले व्यवहार कॉफीच्या कपावरच होतात. शेजाऱ्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं. ज्या माणसाने गेल्या वादळात तिची गाडी खड्ड्यातून ओढून काढली, त्याच्याकडे काय कागद मागायचा? बेकेटवाल्यांनी पोरींचे सामने खेळवून घेतले आणि मार्च संपला. आणि हंगाम संपताना शनिवारचा दहाचा तास मुलग्यांच्या क्लबकडे होता. ही गोष्ट ना तिच्या डोक्यात आली, ना डेलच्या.

ऑगस्टअखेर बर्फाची सभा भरली तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यात ती गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आली. मुलग्यांच्या क्लबचा एक संघ वाढला होता. त्यांच्या समितीने शनिवारच्या दहाला त्याचं नाव टाकून ठेवलेलं. मुलींच्या नावापुढे बुधवार, रात्री साडेआठ.

"ग्लेंडा, हे चुकलंय," व्हर्ला म्हणाली.

ग्लेंडाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चुकलं नाही गं. हंगाम संपताना तास त्यांच्याकडे होता. नियम तूच आणलास, व्हर्ला. मी अनुमोदन दिलं होतं."

"मी उसना दिला होता."

"नियमात उसना-बिसना काही नाही."

डेल उभा राहिला. खोटं कशाला बोलायचं, माणूस सरळ वागला. "तास तिचाच आहे," तो म्हणाला. "मी मागून घेतला होता. परत द्यायला हवा." पण त्याच्या समितीतल्या दोघांनी माना हलवल्या. नवीन संघातल्या मुलग्यांच्या आईबापांना वेळ कळवून झाली होती, पोरं नाचत होती, आता त्यांना काय तोंडाने सांगायचं? मत टाकायची वेळ आली. व्हर्लाच्या बाजूने हात वर करणारे दोघं हमखास, पण ते त्या दिवशी शेतात, कापणीच्या कम्बाइनवर. गहू उभा, आभाळ भरून आलेलं, सभेला कोण येतोय? एका मताने तास गेला.

सभा संपल्यावर जो तो तिच्याजवळ येऊन हात दाबून गेला. वाईट झालं व्हर्ला, फार वाईट झालं. ज्याने विरोधात मत टाकलं त्यानेसुद्धा खांद्यावर हात ठेवला. ग्लेंडाने घरी न्यायला अर्धा केक बांधून दिला. राग काढायचा तरी कुणावर? एक माणूस धड वाईट निघेना. व्हर्ला केक मांडीवर घेऊन गाडीत बसली आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

बुधवारी रात्री सामना होत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा, आणि अंधारात, घसरड्या रस्त्यावर ऐंशी किलोमीटर पोरी कोण पाठवणार? तिने चारही गावं पुन्हा पुन्हा फोनवर घेतली. शेवटी स्प्रूस लेकची मार्ज म्हणाली, "घरचा शनिवार नाही तर तुमचा संघ कसा धरू, व्हर्ला? आणि तीन संघांची काय लीग होते? दर शनिवारी एक संघ हातावर हात ठेवून बसणार."

"एक वर्ष, मार्ज. एकच वर्ष सांभाळून घ्या. पुढच्या वर्षी मी तास परत मिळवते."

"कसा?"

नियम तिचाच होता, आणि तो तिच्याइतका घट्ट कुणी बांधला नसता. सप्टेंबर सरता सरता ओल्सन आणि स्प्रूस लेक दूरच्या मोठ्या लीगमध्ये गेले. बेकेटचा संघ मोडला. इतक्या वर्षांची लीग, आणि मोडायला चार फोन पुरले.

डेलला खाल्लेलं अन्न गोड लागेना. तो येऊन म्हणाला, "ज्या मुलींना यायचंय त्यांना आमच्या संघांत घेतो." ब्रिन गेली, आणखी तिघी गेल्या. बुधवारी सरावाला पाच पोरी उरल्या, मग चार. चौघींसाठी अख्खा बर्फ घ्यायचा तर भाडं निघेना. तोही तास सुटला.

"अल्थियाला घे ना," व्हर्ला डेलला म्हणाली. उभ्या जन्मात तिने कुणाकडे काही मागितलं असेल तर हे.

डेलने खाली बघितलं. "गोलकीपर दोन आहेत गं आमच्याकडे. तिसरा कुठे उभा करू?"

पोरीला सांगायला व्हर्ला रोवेनाच्या घरी गेली. टेबलावर शेवयांचं पातेलं होतं, पान्सित म्हणतात ते, आणि रोवेना आग्रहाने वाढत होती. व्हर्लाने ताटली बाजूला सारली. तिने सगळं सांगितलं. अल्थिया ऐकत राहिली. "मग मी पुढच्या हिवाळ्यात," ती म्हणाली. व्हर्ला नेहमीसारखी 'हो' म्हणणार होती. पहिल्यांदाच तिला ते म्हणता येईना.

नोव्हेंबरात मुलग्यांचे सामने सुरू झाले. आदल्या संध्याकाळी डेलचा फोन आला. चाचरतच बोलत होता. उद्या दहाच्या सामन्याला घड्याळ चालवायला कुणीच नाही, ज्याला येतं तो आजारी आहे, गावात दुसरं कुणाला ते बटण कळत नाही. मायरन समोरून हाताने नाही-नाही करत होता. अहो, एकदा तरी नाही म्हणावं माणसाने. पण व्हर्ला "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून मायरनकडे न बघता भांडी घासायला गेली.

शनिवारी रोवेना पाळीवरून आली आणि अल्थियाला नेहमीप्रमाणे सोडून गेली. तिला कुठे ठेवणार? व्हर्लाने तिला बरोबर घेतलं. घड्याळाच्या टेबलामागे दोघी शेजारी-शेजारी बसल्या. काचेपलीकडे दहाच्या बर्फावर मुलगे एकमेकांवर आदळत होते, त्यांत चार वेण्या उडत होत्या. पंच शिट्टी वाजवायचा, व्हर्ला घड्याळ थांबवायची, चालू करायची.

"टीता, किती राहिलं?"

"बारा मिनिटं."

"मग बर्फ रिकामा?"

"नाही गं. मग मोठे मुलगे येतील."

अल्थियाने दोन्ही संघांच्या बाकांकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मी सामान आणलंय. तू दार लावत होतीस तेव्हा तुझ्या गाडीत मागे टाकलं. त्यांच्या गोलकीपरला काही झालं-बिलं तर."

"त्यांच्याकडे दोन आहेत, बाळा."

"माहितीये. तरी पण."

गोलमध्ये ग्लेंडाचा नातू उभा होता. गुबगुबीत, गुणी पोर, बसमधून उतरताना दर वेळी थँक्यू म्हणणारं. तेवढ्यात कुणीतरी त्याच्यावर जोरात आदळलं आणि तो आडवा पडला. पंचाने शिट्टी वाजवली. व्हर्लाने घड्याळ थांबवलं, आणि तिच्या मनात आलं, आता हा उठू नये. क्षणभर तिने ते मनापासून मागितलं. पोरगा गुडघ्यावर आला, हसला, मुखवटा नीट केला आणि उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अल्थियाने पण वाजवल्या. व्हर्लाने टेबलाखाली हात एकमेकांत घट्ट धरून ठेवले, आणि पंचाने दोनदा खूण केली तरी घड्याळ सुरू करायचं तिच्या लक्षात आलं नाही.