सरांचे आलेख

ऑफिसात तिला सगळे झाडूताई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांचे रिपोर्ट तयार करणारं त्यांचं सॉफ्टवेअर बरंच जुनं. त्यातला कुणीच वापरत नसलेला कोड शोधायचा, त्याच्यापायी बाहेरून आणलेली तयार कोडची पॅकेजेस काढून टाकायची, हे काम कुणी अंगावर घेत नसे. ती घेई. पण तपासणीच्या टूलनं ‘वापरात नाही’ म्हटलं म्हणून लगेच कात्री लावायची नाही, ज्यानं लिहिलं त्याला आधी विचारायचं, हा तिचा शिरस्ता.

यंदा टूलनं नेमकं सरांच्या आलेखांवर बोट ठेवलं. सरांनी तिला हाताला धरून काम शिकवलेलं. आता ते निवृत्त. रिपोर्टवर आलेख काढणारा त्यांचा कोड कुठूनच वापरला जात नव्हता, आणि त्याच्यासोबतचं एक पॅकेज नव्या आवृत्तीची वाट अडवून बसलं होतं. फोनवर सांगायला तिची जीभ रेटेना. शेवटी लॅपटॉप घेऊन ती त्यांच्या घरीच गेली.

सर पंखा खोलून बसले होते. तिनं तब्येतीची, काकूंची, पंख्याचीही चौकशी केली.

“मुद्द्यावर ये,” सर म्हणाले. “काय मोडलंय?”

“मोडलं नाही काही. तुमचे आलेख काढून टाकायचेत.”

“ते अजून आहेत?” सरांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “अगं, डॉक्टरांना नको होते म्हणून मीच बंद केले. पुसायचा तेवढा कंटाळा केला.”

“तुमचं म्हणून कुणी हात लावला नाही.”

“घरातही हेच,” काकू आतून म्हणाल्या. “ह्यांचं म्हणून पसारा हलत नाही.”

सरांनी स्वतःच कोड पुसला. चाचण्या चालवल्या, तर एक फसली. रुग्णांची लांबलचक नावं रिपोर्टवर अर्धवट तुटू लागली. नाव दोन ओळींत बसवणारा छोटासा तुकडा त्याच फाइलीत होता. त्या तुकड्याला कोडातून थेट बोलावलेलं नव्हतं, सेटिंगमध्ये त्याचं नुसतं नाव लिहिलेलं होतं, म्हणून टूलला तो वापर दिसलाच नव्हता.

“म्हणजे अगदीच कुचकामी नव्हतो,” सर म्हणाले. ते खुशीत आले होते.

तेवढा तुकडा तिनं परत आणला, वर सरांचं नाव लिहिलं.

“नाव नको. तो काय करतो ते लिही. नाहीतर पुन्हा कुणी हात लावणार नाही.”

तिनं तसं केलं. चाचण्या पार पडल्या, पॅकेज निघालं.

“आता काय काढणार?” सरांनी विचारलं.

“तुमचंच आहे अजून बरंच.”

“मग शनिवारी ये. जेवायलाच ये.”