‘सगळं खाते’

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती, आणि कपडे तर काही केल्या सुकत नव्हते. लॉन्ड्रीत काकी सकाळपासून दमट चादरींवर इस्त्री दाबत उभी होती. चादर चरचरली की वाफ तोंडावर यायची, तेवढ्यापुरता घसा ओला वाटायचा. गल्लीत तिला कडककाकी म्हणत. तिच्या इस्त्रीमुळे की जिभेमुळे, यावर गिऱ्हाइकांचं एकमत नव्हतं.

त्या जिभेच्या मुळाशीच गाठ निघाली होती. किरणांचे शेक घेऊन गाठ गेली खरी, पण जाताना तोंडातली लाळ घेऊन गेली. आवाज फाटला. घास घशात रुतायला लागला. घरचे हात धुऊन उठले तरी हिचं ताट तसंच. शेवटी सगळ्यांचं आटोपल्यावर ती मोरीशेजारी एकटीच जेवायला बसू लागली, आणि जेवायची म्हणजे काय, पाण्यात कालवून प्यायचीच.

इस्पितळात यावरच संशोधन चालू होतं. मानेवर शेक घेतलेल्या निम्म्या लोकांना गिळायचे व्यायाम शिकवायचे, निम्म्यांना नाही, आणि पुढे कोण कसं जेवतंय ते बघायचं. काकी न शिकवलेल्यांत पडली. त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं, तिनेच हो म्हटलं होतं.

आज शेवटची तपासणी. इस्त्री बंद करून ती नवऱ्याबरोबर इस्पितळात निघाली.

“काय काका, कसं चाललंय काकींचं जेवण?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नवऱ्याला. नेहमीसारखंच. काकीच्या फाटक्या आवाजाला वेळ लागायचा आणि दाराबाहेर रांग असायची.

“एकदम झकास! सगळं खाते.” नवऱ्याने मुलीच्या लग्नात सांगावं तसं हसून सांगितलं.

“छान. न शिकवलेलेही जेवतायत बघा नीट. असंच निघालं तर पुढच्या पेशंटांना व्यायामाचा ताप नको. व्यायामाची खोलीही मोकळी होईल.”

काकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे उद्या कुणी नवी बाई शेक घेऊन येईल, घास घशात धरून बसेल, आणि तिला सांगतील, काही शिकायची गरज नाही. का? तर हे म्हणाले, सगळं खाते!

“थांबा,” ती म्हणाली. नवऱ्याने वाटेत खायला घेतलेला पाव पिशवीतून काढला आणि एक तुकडा तोंडात घातला.

“अगं, हे काय? घरी खा की.”

ती चावत राहिली. तुकड्याचा लगदा होईना. पाण्याचा घोट घेतला, मान खाली घातली, डोळे मिटून गिळलं. निम्मं गेलं, निम्मं परत आलं. पुन्हा घोट. मग असा ठसका लागला की पाणी नाकातून आलं.

“काकी, बाहेर लोक थांबलेत हो,” डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

“थांबू देत. मीही थांबते. रोज, दोन्ही वेळा.” नाक पुसून तिने दुसरा तुकडा मोडला.

नवरा बघत राहिला. “पण ताट तर रिकामं असतं तुझं.”

“धुतलेलं ताट बघता तुम्ही! जेवताना कधी आलात बघायला? कधी विचारलंत? डॉक्टरांनी एवढं केलं, आता कुरकुर कशाला, एवढंच तुमचं. गिळायचं मला, आणि चव सांगताय तुम्ही!” पुन्हा ठसका.

डॉक्टरीणबाईंनी तिची खुर्ची आपल्याकडे ओढली. “मागचं लिहिलेलं खोडता येत नाही काकी. पण ते चुकीचं होतं असं जोडता येतं. आजचं तुमच्याच तोंडून लिहिते.”

“आणि बाकीच्यांचं?”

बाईंनी समोरचे कागद उलटले. मग म्हणाल्या, “त्यांनाही परत विचारावं लागेल.”

“कुणाला? त्यांना, का त्यांच्या नवऱ्यांना?”

बाईंचे कान लाल झाले. “त्यांनाच. एकेकाला समोर बसवून.” लिहून झाल्यावर त्या उठल्या. “संशोधनातलं तुमचं काम आज संपलं. आता व्यायाम शिकायला हरकत नाही. पण इतका उशीर झाल्यावर किती फरक पडेल, खोटं कशाला सांगू.”

“खोटं पुष्कळ ऐकलं,” काकी म्हणाली.

दोघं लॉन्ड्रीकडे परत निघाली. वाटेत नवरा दोनदा खाकरला, पण तिने मान वळवली नाही. लॉन्ड्रीत चादरींचा ढीग तसाच होता. तिने इस्त्री लावली, बोट ओलं करून तापली का ते पाहिलं आणि वरची चादर झटकली.

“उभे काय राहिलात? ते टोक धरा.”

त्याने धरलं.