कापूकाकांचा अंदाज

कापूकाकांना चकचकीत जोड आवडत नसे. वडनेर भोलजीला आमच्या कारखान्यात हळद वाफवायच्या स्टीलच्या टाक्या बनत. लेसरचं वेल्डिंग आलं तेव्हा आम्ही सगळे त्या चकाकीवर भाळलो. काका मात्र जोडावर नख फिरवत, रुंदी मोजत आणि तोंड वाकडं करत. "रुंद दिसला का मले भेव वाटते, बाई. वरच्या वर पसरला असन."

प्रत्येक टाकीसोबत ते त्याच पत्र्याची एक नमुन्याची पट्टी त्याच लेसरनं जोडून घेत. जोड किती खोल गेला असेल याचा अंदाज आधी टेबलावर खडूनं लिहीत, मगच पट्टी कापत. नाव पडलं ते त्यावरून. कापलेली कड घासून ॲसिड लावलं की जोडाचा आकार उमटे. "हा पाहा खिळा, खोल गेला. अन् हे वाटी. हे काय धरते?" अंदाज चुकला तर खोडत नसत, शेजारी खरा आकडा लिहीत.

तपासणीच्या कागदावर सही माझी. मी पन्नाशीत आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते, आणि गळ्यातलं ओळखपत्र भाजी आणतानाही काढत नव्हते. भाजीवाली मला बँकेची समजायची. मीही तिला समजू देत होते.

वरवट बकालला जायची टाकी निघायच्या दिवशी काका अडून बसले. "तीन मिलीच्या पत्र्यात दोनच गेला असन. लेसरची काच मळली हाय. पट्टी कापू द्या."

"काका, पाण्याच्या दाबाला टिकली ना टाकी? गाडी उभी आहे."

"पानी थंडं रायते, बाई."

मी ऐटीत सही ठोकली. काका गाडीत चढून बसले, टाकीसोबत.

तिथे हळदीच्या तिसऱ्या घाण्याला त्यांनी माणसांना मागे सारलं आणि स्वतः जोड पाहायला वाकले. जोड उसवला. वाफ छातीवर आली.

दुसऱ्या दिवशी मी ती पट्टी कापली आणि बुलढाण्याला दवाखान्यात गेले.

"किती निघाली?" त्यांनी विचारलं.

"एक."

"म्या दोन म्हनलं होतं. एक म्हनलं असतं तर तुमी सही केली नसती. माह्यंच चुकलं, बाई."

मी तरीही केली असती. ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली. मी चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले.